ग्रंथालयीन नेतृत्वशैली

महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा ग्रंथपाल आपल्या सहकाऱ्यांकडून ज्या रीतीने काम करवून घेतो, ती ग्रंथालयीन नेतृत्वशैली. शैलींची रूढ विभागणी कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्या १९३९ च्या अभ्यासातून आली : हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट (प्रमुख कशातच हात न घालणारी). त्यांचे प्रयोग अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या मंडळांवर झाले. मुले मुखवटे बनवत. प्रमुख खोलीबाहेर गेला की हुकमाखालच्या मुलांचे काम मंदावे. चर्चेने चालणाऱ्या गटात ते बरेचसे चालू राही. बर्न्स (१९७८) व बास (१९८५) यांनी पुढे परिवर्तनशील, म्हणजे सहकाऱ्यांना प्रेरणा देऊन त्यांच्यात बदल घडवणाऱ्या, नेतृत्वाची मांडणी केली.

मराठवाड्यात १९५८ साली औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) आणि १९९४ साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. त्यांच्या तालुक्याच्या गावांतील अनेक संलग्न महाविद्यालयांत ग्रंथपाल, एखादा लिपिक आणि ‘मामा’ म्हणून हाक मारले जाणारे परिचर, एवढाच फौजफाटा असतो. अशा ठिकाणी लेविनचा प्रयोग परीक्षेच्या दिवसांत आपोआप घडतो. ग्रंथपाल बैठकीला गेलेले असतात. एसटीने आलेला विद्यार्थी पुस्तके जमा करून ‘नो ड्यूज’ची सही मागतो. “सर मिटिंगला गेलेत, उद्या या,” असे उत्तर मिळाले, तर दोष लिपिकाच्या आळसाचा असेलच असे नाही. सहीचा अधिकार त्याला दिलेलाच नसतो.

शैलीची खरी परीक्षा मात्र ग्रंथ पडताळणीत होते. दाखलनोंदवहीत आहे पण कपाटात नाही, अशा पुस्तकांची भरपाई कोणी करायची? केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) देवघेव झालेल्या किंवा वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांची हानी वाजवी मानली आहे, मात्र ती अप्रामाणिकपणा वा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांहून महाग ग्रंथांची, तसेच दुर्मिळ ग्रंथांची चौकशी अटळ असते. ही सवलत सहकाऱ्यांना समजावून सांगणारा, गहाळ पुस्तकांची यादी स्वतःच्या सहीने वर पाठवणारा ग्रंथपाल असेल, तर मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडणे, टिकते. पगारातून वसुलीची धमकी मिळाली की परिचर कपाटांना कुलपे घालतो, आणि त्याला चूक तरी कसे म्हणावे? मग विद्यार्थी काचेतूनच पुस्तकांची नावे वाचतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो. पुस्तके सुरक्षित राहतात, देवघेव घटते. वार्षिक अहवालात मात्र ‘एकही ग्रंथ गहाळ नाही’ अशी नोंद होते.