युद्धकाळातील निवडणुका आणि शांतता-वाटाघाटी

युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष चालू असताना घेतलेल्या, लांबणीवर टाकलेल्या अथवा युद्ध थांबताच उरकलेल्या निवडणुका आणि त्याच काळात चालणारी तहाची बोलणी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. तहावर सही करणाऱ्याच्या पाठीशी लोकांचा कौल हवा. कौल घ्यायचा तर गोळीबार थांबलेला हवा, आणि तो थांबवायला आधी तह हवा. आघाडीवरचे सैनिक, परागंदा मतदार, मतदान केंद्रांवरील हल्ल्याची धास्ती, बातम्यांवरची बंधने या अडचणी मोठ्या आहेत, पण त्यांवर काही ना काही तोड निघते. लोकांच्या वतीने बोलायचे कोणी, या प्रश्नावर मात्र बोलणी अडतात.

सोलापूरला हा प्रश्न दोनदा भेडसावला. मे 1930 मध्ये शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत, 5 मार्चला, गांधी-आयर्विन करार झाला. गांधीजी मतपेटीतून निवडून आलेले नव्हते. कराराला संमती मिळाली ती काँग्रेसच्या कराची अधिवेशनात. कैद्यांची सुटकाही ठरली, पण हिंसेचा आरोप नसलेल्यांचीच.

दुसरा प्रसंग हैदराबादचा, आणि या विषयाच्या अभ्यासकाने तो बारकाईने पाहावा असा आहे. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात, तर शेजारचे तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांची मुळे तेलंगणातली, त्यामुळे तिकडची बातमी इथे घरची बातमी असे. निजामाला कोणी निवडून दिलेले नव्हते आणि त्याच्या पंतप्रधानालाही नाही. तरीही राज्याच्या भवितव्याची बोलणी त्यांच्याशीच करावी लागत होती. 27 ऑक्टोबर 1947 रोजी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघायच्या बेतात असताना पहाटेच इत्तेहादुल मुसलमीन या तिथल्या मुस्लिम राजकीय संघटनेच्या जमावाने सदस्यांच्या घरांना गराडा घातला. शिष्टमंडळ जाऊ शकले नाही, पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि त्यांच्या जागी मीर लायक अली आले. तूर्त आहे ती व्यवस्था चालू ठेवण्याचा, म्हणजे जैसे थे करार भारत सरकारशी अखेर 29 नोव्हेंबरला झाला खरा, पण खुद्द राज्यकर्त्यालाच आपल्या बाजूच्या सशस्त्र गटाला आवर घालता येत नाही, हे त्या पहाटे उघड झाले होते. अशा माणसाच्या सहीला किती किंमत द्यायची, हा पेच पुढच्या प्रत्येक बैठकीत राहिला. सार्वमताचीही चर्चा झाली. इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, म्हणजे रझाकारांच्या, हाती हत्यारे असताना गावोगावचा माणूस मनातले मत देईल, यावर विश्वास ठेवणे कठीण होते. जून 1948 मध्ये बोलणी फिसकटली. रझाकारांच्या जाचाने मराठवाड्यातील कुटुंबे तोवर सोलापूर-बार्शीकडे येऊ लागली होती.

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहूनच निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वीच ताब्यात आला. 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या सैन्याने शरणागती पत्करली. लढाई पाच दिवसांत आटोपली, शांतता मात्र तेवढ्या लवकर आली नाही. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला आणि तिचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. पोलीस ॲक्शनची, म्हणजे या लष्करी कारवाईची, गोष्ट सांगताना हा भाग गाळणे अन्यायाचे आहे. हैदराबादमध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली ती 1952 च्या सुरुवातीला. तेलंगणातील कम्युनिस्टांनी ऑक्टोबर 1951 मध्ये सशस्त्र लढा मागे घेतला आणि ते मैदानात उतरले. त्यांचे रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून नेहरूंपेक्षाही अधिक मते घेऊन लोकसभेत गेले. बंदूक खाली ठेवणाऱ्याला मतपेटीत खरोखर जागा मिळाली, हे या निवडणुकीचे मोठे यश मानले पाहिजे.

निवडणूक लांबवण्याला कायद्याचा आधार बहुतेक ठिकाणी असतो. ब्रिटनमध्ये 1935 ची संसद दरवर्षी मुदतवाढ घेत 1945 पर्यंत चालली. भारतीय राज्यघटनेच्या कलम 83 नुसार आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवता येते; आणीबाणी उठल्यावर ही वाढ सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही. 1976 मध्ये ही तरतूद वापरली गेली. याउलट चीन युद्धात, ऑक्टोबर 1962 मध्ये पुकारलेली आणीबाणी जानेवारी 1968 पर्यंत कायम होती आणि 1967 ची सार्वत्रिक निवडणूक तिच्यातच पार पडली. आणीबाणी आहे म्हणून मतदान अशक्यच, हा युक्तिवाद त्यामुळे आपल्याकडे तरी टिकत नाही. युक्रेनची गोष्ट वेगळी आहे. तिथे फेब्रुवारी 2022 पासून लष्करी कायदा लागू आहे, त्या काळात निवडणुकीला बंदी आहे आणि लाखो मतदार देशाबाहेर आहेत. अध्यक्ष झेलेन्स्की यांची पाच वर्षे मे 2024 मध्ये भरली. नवा अध्यक्ष येईपर्यंत जुन्याकडेच अधिकार राहतात, असे तिथली घटना सांगते. तरीही तह करण्याचा अधिकार त्यांना आहे का, असा सवाल रशियाने उभा केला. ज्याच्या आक्रमणामुळे मतदान होऊ शकत नाही, त्यानेच मतदान झाले नाही म्हणून सहीवर बोट ठेवावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

निवडणूक ठरल्या वेळी घेतली, तर शत्रूही तारखा मोजत बसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या ऑगस्टमध्ये, आपण निवडणूक हरणार, असे अध्यक्ष लिंकननी लिहून ठेवले होते. प्रतिस्पर्धी पक्षाने युद्धबंदीची मागणी जाहीरनाम्यातच घातली होती. 2 सप्टेंबरला शत्रूचे अटलांटा शहर पडले आणि वारे फिरले. 1945 मध्ये दोस्त राष्ट्रांची पॉट्सडॅम परिषद चालू असतानाच ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला, चर्चिल गेले आणि त्यांच्या खुर्चीवर ॲटली बसले. श्रीलंकेत 2005 साली तमिळ वाघांनी उत्तरेत मतदानावर बहिष्कार लादला. त्यांच्याशी 2002 चा शस्त्रसंधी करणारे रानिल विक्रमसिंघे दोन लाखांहून कमी मतांनी पडले आणि जानेवारी 2008 मध्ये तो शस्त्रसंधी अधिकृतपणे संपला. कारगिलचे युद्ध तर एका मताने पडलेल्या, काळजीवाहू सरकारने चालवले. मतदान सप्टेंबर-ऑक्टोबर 1999 मध्ये, लढाई संपल्यावर झाले.

घाईही अंगाशी येते. अंगोलात 1992 साली दोन्ही बाजूंची सैन्ये पुरती विसर्जित होण्याआधीच मतदान झाले, बंडखोरांचे नेते साव्हिंबी यांनी निकाल झुगारला आणि युद्ध पुन्हा पेटले. मोझांबिकने तो धडा घेऊन सैनिकांना आधी घरी पाठवले आणि 1994 मध्ये मतदान घेतले. परागंदा मतदारांचा प्रश्न सर्वांत बिकट झाला तो बोस्नियात. तिथले युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर 1996 मध्ये त्यांना 1991 च्या आपल्या मूळ गावासाठी मत देण्याची मुभा होती, तशीच दुसरे गाव निवडण्याचीही. मोक्याच्या गावांत आपल्या समाजाची बहुसंख्या दाखवण्यासाठी नोंदणीच्या अर्जांचा गैरवापर झाला, आणि स्थानिक निवडणुका थांबवून 1997 मध्ये घ्याव्या लागल्या.