परिभाषा, वैज्ञानिक

एखाद्या शास्त्रात एका संकल्पनेसाठी एकाच नेमक्या अर्थाने रूढ केलेल्या शब्दास पारिभाषिक संज्ञा आणि अशा संज्ञांच्या समुच्चयास परिभाषा म्हणतात. संज्ञा घडते तेव्हा तत्कालीन सिद्धांतही तीत उतरतो. पुढे सिद्धांत मागे पडला तरी संज्ञा टिकते. आंत्वान लॅव्हासिए व त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये रसायनशास्त्राची नवी नामपद्धती मांडली. तीत ‘ऑक्सिजन’ म्हणजे अम्लजनक, कारण प्रत्येक अम्लात तो असतोच अशी धारणा होती. हायड्रोक्लोरिक अम्लात ऑक्सिजन नसतो, हे हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिले. नाव मात्र राहिले. मराठीतील ‘प्राणवायू’ हा पर्याय श्वसनावरून आलेला असल्याने या दोषापासून मुक्त आहे.

‘साइन’ या त्रिकोणमितीतील संज्ञेची व्युत्पत्ती विशेष उद्बोधक आहे. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीची कोष्टके पूर्ण जीवेची, म्हणजे वर्तुळावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाची होती. आर्यभटाने (इ. स. ४९९) दुप्पट कंसाची अर्धी जीवा घेतली, तिला ‘अर्धज्या’ व संक्षेपाने ‘ज्या’ म्हटले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. त्याच्या कोष्टकात २२५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने २४ ज्या येतात. पहिली २२५, शेवटची ३४३८. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला की त्रिज्या जवळपास एवढीच भरते. ‘ज्या’चा ‘जीवा’ हा पर्यायशब्द अरबीत ‘जीबा’ झाला. स्वरचिन्हांविना लिहिलेला हा शब्द पुढे ‘जैब’ (वस्त्राची चुणी, छाती) असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा ‘सायनस’ झाला; त्यावरूनच ‘साइन’. याचे श्रेय काहीजण जेरार्ड ऑफ क्रिमोनास, तर काहीजण रॉबर्ट ऑफ चेस्टरला देतात. अनुवादकाने शब्द चुकीचा वाचला, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि अरबी गणितीच ‘जैब’ म्हणत असावेत आणि अनुवादकाने प्रचलित अर्थ इमानाने उतरवला असावा, हे मत अधिक संभवनीय वाटते.

मराठी परिभाषेचे काम महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाच्या (स्थापना १९६०) विषयवार परिभाषा कोशांतून झाले. शालेय पुस्तकांत आज ‘ज्या’ नाही, तिथे ‘साइन’ आहे. ‘जीवा’ मात्र भूमितीत आहे. ‘त्रिज्या’ तर रोजच्या वापरात आहे. मुळात ती तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या.