बंदीच्या यादीतली मधमाशी

कीटकनाशकांमुळे मधमाशा मरतात असा विषय निघाला की आपल्याकडे बोट लगेच शेतकऱ्याकडे जातं. ऐन फुलोऱ्यात फवारलं, सकाळी माशा फुलांवर असताना फवारलं, तीन औषधं एकाच पंपात कालवली. यात खोटं काही नाही. मुरबाड-शहापूरकडच्या काकडी, दुधी, कारल्याच्या मांडवांतही हे घडतं आणि पुढे वेलीला फळ धरलं नाही की तोच शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. पण ती बाटली कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आली कशी, तिथून ती काढायची तर कोणी, आणि नुकसानाचं बिल कोणाच्या नावे फाडायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. खरं तर ठाणे-नवी मुंबईत हे बोलणं आधी व्हायला हवं. कोलशेतला आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात एकेकाळी रसायनांचेच कारखाने होते. त्यातले बरेच बंद पडले किंवा गुजरातकडे सरकले, कोलशेतच्या जागेवर टॉवर उभे राहिले, महापे-ऐरोलीत डेटा सेंटरं आली. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मात्र एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतातल्या कीटकनाशक व्यवसायाचं नोंदणीकृत कार्यालय आजही आहे.

कायद्याचं मूळ १९५८ सालच्या केरळातल्या घटनेत आहे. पॅराथिऑन हे कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळलं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली. चौकशी आयोग बसला, त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि १९७१ चे नियम आले. कायदा माणसांच्या विषबाधेतून जन्मला आणि त्याची नजर शेवटपर्यंत तिथेच राहिली. उद्देशात माणसांबरोबर 'प्राणी'ही आहेत, पण व्याख्या सांगते: माणसाला उपयोगी प्राणी, त्यात मासे आणि कोंबड्या-बदकं धरलेली, शिवाय सरकार अधिसूचना काढून ठरवील ते वन्यजीव. पेटीतली सातेरी किंवा मेलिफेरा जातीची माशी उपयोगी प्राण्यांत बसवता येईल. मधपाळ आहे, पेटी आहे, मध विकल्याची पावती आहे. पण टॉवरच्या छज्ज्याखाली पोळं करणारी आग्या, कुंपणातली फुलोरी, भिंतीच्या फटीतली पोयाची माशी यांचं काय? त्यांना मालक नाही, म्हणून त्या मेल्या तर तक्रारदारही नाही. परागीभवनाचा मोठा भार उचलणाऱ्या या माशा कायद्याच्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

दुसरी गोम नोंदणीच्या कलमात आहे. कलम ९ प्रमाणे एखादं रसायन पहिल्यांदा आणणाऱ्या कंपनीने त्याची परिणामकारकता आणि सुरक्षितता यांची माहिती द्यायची असते. मधमाशांवरच्या विषारीपणाची चाचणीही त्यात येते. मात्र एकदा नोंदणी झाली की पोटकलम ९(४) खाली दुसरा कोणीही तेच रसायन त्याच अटींवर बनवायची परवानगी मागू शकतो. लहान उत्पादकांना याचा फायदा झाला, औषधं स्वस्त झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण एकाच रसायनाचे ढीगभर ब्रँड बाजारात आले आणि मूळ माहिती ज्याची, तो आता अनेक विक्रेत्यांपैकी एक उरला. वीस वर्षांनी नवा अभ्यास आला, जुनी चाचणी अपुरी ठरली, तर नव्याने चाचणी कोणी करायची? पहिला म्हणतो, माझा बाजारातला वाटा आता किती उरलाय. बाकीचे म्हणतात, आम्ही फक्त परवानगीप्रमाणे माल बनवतो. शेतात माशा मेल्या तर त्या कोणाच्या बाटलीने मेल्या हे सिद्ध करणं तर जवळपास अशक्यच.

बाटलीबद्दलही सांगायला हवं. तिच्यावरचा रंगीत त्रिकोण शेतकऱ्याला ओळखीचा असतो: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे रंग सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतात, म्हणजे मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून. मधमाशीला किती घातक, याचा त्या रंगाशी संबंध नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पोटात जाऊन एखादी माशी मरायला साधारण चार नॅनोग्रॅम पुरतात, म्हणजे एका ग्रॅमचा पंचवीस कोटीवा भाग. मधमाशांबद्दलची सूचना असली तर बाटलीला रबराने बांधलेल्या, घडी घातलेल्या पत्रकात असते. अनेक भाषांतला मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेला. मुरबाडच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते पत्रक उघडून वाचणारा दुकानदार दाखवा आणि बक्षीस मिळवा.

युरोपातला वाद याच इमिडाक्लोप्रिडच्या कुळाचा, म्हणजे निओनिकोटिनॉइड्सचा. ही रसायनं १९९० च्या दशकात आली. बियाण्याला चोळली की झाडभर पसरतात आणि परागात, मधुरसातही उतरतात. फ्रान्सने १९९९ मध्ये सूर्यफुलाच्या बीजप्रक्रियेसाठी इमिडाक्लोप्रिडचा वापर थांबवला. २००८ मध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यात मका पेरताना बियाण्यावरच्या क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि अकरा हजारांहून अधिक वसाहतींना फटका बसला. २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी माशांच्या पाठीवर चिमुकल्या चकत्या चिकटवून दाखवलं की थायामेथोक्झामची न मारणारी मात्राही माशीला घरी परतू देत नाही. २०१३ मध्ये युरोपीय संघात या तिन्ही रसायनांवर निर्बंध आले, २०१८ मध्ये शेतात उघड्यावर वापरायला पूर्ण बंदी झाली. कंपन्या न्यायालयात गेल्या. मे २०२१ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचं अपील फेटाळलं. धोक्याबद्दल शास्त्रीय अनिश्चितता उरली असली तरी खबरदारी म्हणून निर्बंध घालता येतात, हे त्या निकालांतून पक्कं झालं.

आपल्याकडे २००२ नंतर बीटी कापूस पसरला आणि त्याचं बियाणं इमिडाक्लोप्रिड लावूनच येऊ लागलं. भेंडीच्या बियाण्याला आणि मावा-तुडतुड्यांवरच्या फवारणीलाही ही रसायनं नोंदणीकृत आहेत.

आता मुख्य भानगड. २०१३ मध्ये केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. दुसऱ्या देशांत बंदी किंवा निर्बंध असलेली आणि तरीही भारतात नोंदणीत असलेली ६६ कीटकनाशकं तिच्यापुढे ठेवली. अहवाल २०१५ च्या अखेरीस आला. त्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ रसायनांवर बंदी जाहीर झाली, बारा लगेच आणि सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. त्या बारांत कार्बारिल होतं. भोपाळच्या कारखान्यात १९८४ मध्ये बनत होतं तेच, आणि मधमाशांना अतिघातक म्हणून जगभर कुप्रसिद्ध. भोपाळ ते बंदी, चौतीस वर्षं.

उरलेल्यांपैकी २७ रसायनांसाठी समितीने आणखी माहिती मागितली होती. ती द्यायची होती कंपन्यांनी. मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, सरकारने या सत्तावीसांवर बंदीचा मसुदा काढला. तो मसुदा वाचण्यासारखा आहे. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, डायमेथोएट, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी तेव्हा दुकानात रोज खपणारी नावं त्यात आहेत. मागवलेली माहिती आलीच नाही किंवा अपुरी आली असे शेरे आहेत, आणि अनेक नावांपुढे मधमाशांना विषारी असल्याचं कारण स्वच्छ लिहिलेलं आहे. सरकारी राजपत्रात मधमाशीची इतक्या वेळा हजेरी लागण्याचा प्रसंग विरळाच.

मग हरकतींचा काळ सुरू झाला. ४५ दिवसांची मुदत ९० वर गेली. उद्योगाचं म्हणणं असं की ही जेनेरिक औषधं स्वस्त आहेत, ती गेली तर शेतकरी महागड्या पेटंटवाल्या मालाकडे ढकलला जाईल, निर्यातही बुडेल. हा मुद्दा पोकळ नाही. भाजीवाल्या शेतकऱ्याला पंपामागे पडणारा खर्चच आधी दिसतो. पण माहिती देण्याची जबाबदारी ज्यांनी वर्षानुवर्षं टाळली त्यांनाच पुन्हा मुदत मिळाली, आणि हरकती तपासायला आणखी समिती बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा मसुदा आला तेव्हा बंदीच्या यादीत तीनच नावं होती: डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. २०१७ पासून चाललेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये विचारलं, सत्तावीसांतली तीनच का? त्या वर्षीच्या अंतिम आदेशात तिघांवर बंदी आली, मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणाला साठा संपवायला एक वर्ष मिळालं आणि काही रसायनांचा ठरावीक पिकांवरचा वापर काढून टाकला गेला. म्हणजे मोनोक्रोटोफॉस धरून चार. २०२० च्या मसुद्यात मधमाशीचं कारण ज्यांच्यापुढे होतं त्यातली बहुतेक रसायनं विक्रीत राहिली. ते कारण चुकीचं ठरलं होतं की फक्त कमी वजनाचं, याचं उत्तर अंतिम आदेशाच्या मजकुरातून मिळत नाही. आणि युरोपात ज्या तीन रसायनांवरून एवढं रामायण झालं, ती तिन्ही या सत्तावीसांत नव्हतीच.

राज्य सरकारचे हातही आखूड आहेत. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा महाराष्ट्राने विदर्भाच्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री थांबवली. कलम २७ खाली ही मनाई साठ दिवसांची असते, फार तर आणखी तीस दिवस. कायमची बंदी केंद्राचीच. यवतमाळचं प्रकरण पुढे स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं, कारण विधवा होत्या, वाचलेला माणूस होता, दवाखान्याचे कागद होते. माशांच्या बाबतीत यातलं काहीच हाती नसतं. इथल्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास हजार रुपये, तुरुंगवास फार तर दोन वर्षं. पन्नास हजार ही रक्कम २००० सालच्या दुरुस्तीतली. कायदा बदलायचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं, पुन्हा २०२० मध्ये आलं, स्थायी समितीकडे गेलं, २०२१ च्या डिसेंबरात समितीचा अहवालही आला. कायदा मात्र झाला नाही.

या सगळ्यात जबाबदारीची एक वेगळी वाट बाजारातून निघाली. २००३ मध्ये मेथोमिलच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद, फवारणीच्या वह्या आणि प्रयोगशाळेतली तपासणी सुरू झाली. भेंडीचंही तेच. भारतातून जाणारी भेंडी युरोपने अवशेषांसाठी जादा तपासणीच्या यादीत टाकलेली आहे, त्यामुळे निर्यातीचा माल पिकवणारा शेतकरी कधी काय फवारलं ते लिहून ठेवतो. आतापर्यंत हे अवशेष खाणाऱ्याच्या पोटाच्या हिशेबाने मोजले जात. फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपने क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झामच्या अवशेषांची मर्यादा यंत्राला जेमतेम सापडेल इतकी खाली आणली, आणि कारण दिलं परागीभवन करणाऱ्या कीटकांचं. जिथे पीक उगवलं तिथल्या माशांचं. ग्राहकाच्या आरोग्याशी या कारणाचा संबंध नाही. दुसऱ्याच्या शेतातल्या माशांची उठाठेव तुम्हाला कशाला, अशा सुरात अनेक देशांनी जागतिक व्यापार संघटनेत हरकती घेतल्या. अंमलाची तारीख ७ मार्च २०२६ ठरली. हा नियम विमानाने युरोपला जाणाऱ्या भेंडीच्या पेटीला लागू आहे. त्याच शेतातून वाशीच्या भाजी बाजारात उतरणाऱ्या भेंडीला नाही.