टिळकांचा ‘देवाचा दरबार’ : शिष्य घडवण्याच्या आग्रहाची पार्श्वभूमी

‘नुसती मंडळी चालवू नका, शिष्य घडवा’ असं आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, ऐकू येतं. पुष्कळांना हा बाहेरून आलेला नवा विचार वाटतो. मात्र मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ सालीच तो साताऱ्यात जगून पाहिला होता.

त्याआधीची शंभर वर्षं समजून घ्यायला हवीत. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ पासून अहमदनगर मिशनचं मोठं ठाणं झालं. वर मिशनरी साहेब, खाली पगारी उपदेशक, मास्तर, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया अशी उतरंड तयार झाली. १८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टनमधल्या मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन इथं आले, तेव्हा त्यांनी बजावलं होतं की मंडळ्यांना आपले पाळक (धर्मगुरू) हवेत, त्यांनी आपला खर्च आपण उचलावा आणि सुवार्ताही आपणच पसरवावी. देशी पाळक नेमले गेले, तरी तिजोरीची किल्ली बराच काळ मिशनकडेच राहिली.

या रचनेला केवळ ‘साहेबी’ म्हणून झटकून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार समाजातून आले होते. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांना मिशनच्या शाळेत पाटी-पुस्तक मिळालं.

टिळकांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईत. त्यापायी घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. पुढे नगरला राहून टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत रुजवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. हा पूल त्यांच्यासाठी केवळ काव्याचा नव्हता. वारकऱ्यांच्या मुलखात सभासद होणं म्हणजे वहीत नाव लागणं. शिष्य होणं म्हणजे सगळं आयुष्य गुरूच्या हाती देणं. मिशनच्या मंडळीत त्यांना पहिलं दिसत होतं आणि त्यांची तहान दुसऱ्याची होती.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तिथं ख्रिस्तशिष्य म्हणून एका कुटुंबात बसणार होते. गुरू एकच, ख्रिस्त. मंडळीतल्या अनेकांना हे पटणं अवघड होतं. बाप्तिस्म्यापायी ज्यांनी आप्त गमावले, त्यांनी तो न घेतलेल्याला आपल्या बरोबरीचा शिष्य का मानावं? प्रश्न खरा होता, आणि त्याचा निकाल लावण्याइतकं आयुष्य टिळकांना मिळालं नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. त्यांच्या मागे दरबार टिकला नाही.

त्यांच्या विचारानं भारावलेले इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. तो आधी नगर भागात होता, पुढे पुण्यात गेला. साधं राहणं, देशी आणि परदेशी बंधूंनी एका पंगतीत जेवणं, ही त्याची रीत. १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मिशनऱ्यांचा कारभार संपत आला होता, पण बिशप, धर्मप्रांत, समित्या अशी नवी चौकट उभी राहिली आणि पाळकांचे दिवस पुन्हा सभा आणि हिशेबांत जाऊ लागले.

आजचे शिष्यगट घराघरांत जमतात, चटईवर बसून वचन वाचतात. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेलेही असतात, कधी कधी वर्षानुवर्षं. त्यांची नावं मंडळीच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची, हे अजून ठरलेलं नाही.