बंद नदी, उघडं दुकान

न्यूयॉर्क शहरातून गाडीने साधारण दोन तास वायव्येला गेलं की कॅट्सकिलचे डोंगर लागतात. त्या डोंगरांत रॉस्को नावाचं छोटं गाव आहे. बीव्हरकिल आणि विलोवेमॉक या दोन नद्यांचा इथे संगम होतो. गाव स्वतःला ‘ट्राउट टाउन’ म्हणवून घेतं (ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा), आणि या परिसरातल्या फ्लाय फिशिंगच्या दुकानांत जानेवारीतही दिवे लागलेले असतात. बाहेर काठाला बर्फ धरलेला असतो, नदीत उतरणारा एखादाच. आत मात्र टेबलाभोवती माणसं बसलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात टेबलाच्या कडेला बसवलेला एक चिमटा, त्यात अडकवलेला नखाएवढा गळ, आणि त्यावर दोऱ्याने बांधली जाणारी पिसं.

नवख्याला हा हौशी मंडळींचा हस्तकलेचा वर्ग वाटतो. आज तो बऱ्याच अंशी तसा आहेही. पण या दुकानांतला हिवाळा हौसेतून जन्मलेला नाही. तो कामातून आला. काम एकेक करून गेलं आणि टेबल तेवढं उरलं.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. कोकणात ज्याला गरवणं म्हणतात त्यात गळाला आमिष असतं, शिशाचा तुकडा असतो, आणि त्या वजनाने दोरी पाण्यात लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे किड्याचं पिसांनी केलेलं सोंग. त्याला जवळपास वजनच नाही. मग ते पंधरा मीटर लांब फेकायचं कसं? उत्तर असं की फेकायची ती दोरी. दोरीच जाड आणि वजनदार करायची, काठीने तिला मागे-पुढे झुलवायचं, आणि दोरीच्या शेपटाला बांधलेली ‘माशी’ आपोआप पुढे जाते. मराठीत माशीने मासा धरायचा म्हटलं की वाक्य ऐकणाऱ्याला चाचपडायला लावतं, म्हणून इथून पुढे फ्लायच म्हणतो.

कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन लेखक इलियन मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहितो, की ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात, त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवतात आणि ठिपकेदार मासे पकडतात. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत बारा फ्लायची कृती दिली आहे. तेव्हाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. पण दुकानातल्या हिवाळ्याची गोष्ट खरी सुरू होते ती एकोणिसाव्या शतकात, अवजारं महाग आणि नाजूक झाली तेव्हा.

त्या काळातली उत्तम दोरी विणलेल्या रेशमाची. ती तेल देऊन भरलेली असे आणि पाण्यावर तरंगावी म्हणून तिला वरून चरबी चोळावी लागे. रोज संध्याकाळी रिळावरून उतरवून ती चौकटीवर वाळत घालायची. ओली राहिली तर कुजायची. दोरी आणि गळ यांच्यामधला अदृश्य धागा रेशमाच्या किड्यापासूनच निघे, पण वेगळ्या रीतीने: किडा कोश विणायच्या बेतात असताना तो व्हिनेगरमध्ये टाकायचा आणि त्याची रेशीमग्रंथी ओढून तिची तार करायची. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. ही तार वापरण्याआधी भिजवावी लागे. कोरडी असताना गाठ मारली की तुटलीच म्हणून समजा. काठीला दरवर्षी वॉर्निश, तिच्यावरच्या दोरी ओवायच्या कड्यांना नवा दोरा, रिळाला वंगण. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या शाकारून कोळीवाड्यात जाळी दुरुस्त होतात, तसाच हा प्रकार. न्यूयॉर्क राज्यात ट्राउटचा हंगाम १ एप्रिलला उघडे आणि शरदात मिटे. मधले महिने डागडुजीचे.

काठीची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी, कारण तिचं एक टोक आपल्याकडे आहे. १८४० च्या दशकात पेनसिल्वेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक-कारागीर सॅम्युएल फिलिप्पी बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या बनवू लागला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची काठी धंद्याच्या पातळीवर आणली. प्रत्येक पट्टी त्रिकोणी, कोन साठ अंशांचा, सहा जोडल्या की भरीव षट्कोन. पट्ट्या तासायचं लेनर्डचं यंत्र कुलूपबंद खोलीत असे आणि आत कोणाला प्रवेश नसे. १८८१ मध्ये त्याने कारखाना न्यूयॉर्क राज्यात आणला. त्याच्या हाताखालून बाहेर पडलेल्या कारागिरांनीच पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेतल्या नामांकित काठ्या घडवल्या.

आणि बांबू कुठला? कलकत्त्याचा. व्यापारात त्याला नावच ‘कॅलकटा केन’ होतं. त्याच्यावर जागोजागी जळल्याचे काळे डाग असत, आणि ते चुकवून पट्ट्या काढण्यात निम्मा माल वाया जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला ‘टोंकिन’ बांबू आला. तो सरळ, पेरांत लांब आणि तंतूंत दाट; कलकत्त्याचा माल मागे पडला. नाव टोंकिन, म्हणजे व्हिएतनामचा उत्तर भाग, पण बांबू तिथला नाहीच. व्यापाऱ्यांचा भूगोल असाच असतो.

मग १९५० च्या डिसेंबरात कोरियन युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला आणि टोंकिनची आवक थांबली. तोवर काचतंतूची काठी बाजारात आलेली होतीच. शेक्सपिअर कंपनीने महायुद्ध संपल्यावर लगेच ती आणली होती. ज्यांच्याकडे बांबूचा साठा होता ते कारागीर टिकले, बाकीच्यांनी दुकानं मिटली. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बन तंतूची काठी विकायला काढली. हा तंतू विमानांसाठी विकसित झालेला. ती हलकी, ताठ, आणि हिवाळ्यात तिचं काहीही करावं लागत नाही. पुसून नळकांड्यात ठेवली की झालं.

दोरीचंही तेच झालं. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं आणि युद्धानंतर त्याने मुर्सियाच्या रेशीमतारेचा धंदा बसवला. मिशिगनमधल्या सायंटिफिक अँग्लर्स कंपनीने १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचा थर दिलेली तरंगती दोरी आणली. ती वाळवायला नको, तिला चरबी नको. एक मोठी डोकेदुखीही त्याच सुमारास संपली. रेशमी दोऱ्यांची मापं जाडीवरून अक्षरांत देत: एचडीएच, एचसीएच वगैरे. नव्या दोऱ्या तेवढ्याच जाडीच्या असून वजनाला वेगळ्या निघाल्या, आणि गिऱ्हाइकाच्या काठीला दोरी जुळेना. नेमकी माशी कुठे शिंकतेय ते कळायला काही वर्षं गेली. शेवटी १९६० च्या दशकाच्या आरंभी धंद्याने जाडी सोडून वजन धरलं: दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन मोजायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, सुमारे नऊ ग्रॅम. आज दुकानात कोणी ‘पाच नंबरची काठी’ मागतो तेव्हा तो खरं तर नऊ ग्रॅमची दोरी पेलणारी काठी मागत असतो.

म्हणजे १९७५ पर्यंत हिवाळ्याची कामं जवळपास संपली होती. वाळवणं, चोळणं, भिजवणं, वॉर्निश, सगळं रसायनशास्त्राने गिळलं. फ्लाय मात्र यंत्राला जमली नाही. ती आजही हातानेच बांधतात, मग ती कॅट्सकिलमध्ये बांधलेली असो की केनिया, थायलंड किंवा श्रीलंकेतल्या कारखान्यात.

कॅट्सकिलमध्ये ती एका पाकिटातून आली असं म्हणायला हरकत नाही. थिओडोर गॉर्डन हा नेव्हरसिंक नदीकाठी राहणारा, क्षयाने ग्रासलेला माणूस. त्याने इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हॅलफर्डला पत्र लिहिलं. हॅलफर्ड हा पाण्यावर तरंगणाऱ्या, ‘कोरड्या’ फ्लायचा आचार्य. १८९० च्या फेब्रुवारीत त्याने उत्तरासोबत आपल्या फ्लायचा संच पाठवला. गॉर्डनच्या लक्षात आलं की त्या इथे चालणार नाहीत: हॅलफर्डच्या इंग्लंडमधल्या हॅम्पशरच्या नद्या संथ, कॅट्सकिलच्या खळाळत्या, आणि इथले किडेही निराळे. त्याने कोंबड्याची अधिक ताठ पिसं निवडली, वूड डक बदकाच्या कुशीच्या पिसांचे पंख केले आणि अंगाला मोराच्या पिसाच्या डोळ्यातले तंतू सोलून गुंडाळले. गडद-फिकट पट्टे थेट किड्याच्या पोटासारखे दिसतात. ही ‘क्विल गॉर्डन’. अमेरिकन ट्राउट फिशिंगच्या मुळाशी असलेल्या फ्लायचं अंग आपल्या मोराचं आहे, ही गोष्ट मला फार आवडते. गॉर्डन १९१५ मध्ये वारला. त्याच्याकडून शिकलेल्या रॉय स्टीनरॉडने पुढच्याच वर्षी ‘हेन्ड्रिक्सन’ बांधली. तिच्या अंगाला कोल्हिणीच्या पोटाकडची, मूत्राने गुलाबीसर झालेली लोकर लागते. रंगवलेली चालत नाही असं कट्टर मंडळी आजही सांगतात. कट्टरपणाला कुठेतरी थांबायला हवं, पण ते असो.

त्या काळी ही विद्या कोणी सहजासहजी देत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीला रॉस्कोचा तरुण वॉल्ट डेट हा रूबन क्रॉस नावाच्या नामवंत कारागिराकडे गेला आणि शिकवा म्हणाला. क्रॉसने नकार दिला. मग वॉल्ट आणि त्याची बायको विनी यांनी क्रॉसच्याच फ्लाय विकत आणल्या आणि एकेक वेढा उलटा सोडवत, काय कशानंतर बांधलंय ते टिपून ठेवलं. चोरी म्हणा की अभ्यास. १९२८ मध्ये सुरू झालेलं त्यांचं दुकान घराण्यात चालत राहिलं. मुलगी मेरी त्याच टेबलावर वाढली आणि नव्वदीच्या आसपासपर्यंत बांधत होती. शेजारच्या लिव्हिंग्स्टन मॅनरमध्ये हॅरी आणि एल्सी डार्बी हे जोडपं हाच धंदा करी. उन्हाळाभर गिऱ्हाइकं तयार फ्लाय मागत, म्हणून साठा हिवाळ्यात व्हायचा. हजारो फ्लाय, डझनावर हिशेब. ही घरं म्हणजेच दुकानं होती. आता ज्याला आपण ‘दुकानातला हिवाळी वर्ग’ म्हणतो त्याचा पूर्वज म्हणजे स्टोव्हशेजारचं हे टेबल, फक्त तेव्हा कोणाला शिकवायचं नव्हतं.

हॅरी डार्बीला अडचण होती ती पिसांची. पाण्यावर उभी राहणारी फ्लाय बांधायला मानेचं पीस लांब, ताठ आणि चकचकीत लागतं, आणि हवा तो निळसर राखाडी रंग कोंबड्यात क्वचित येतो. त्याने स्वतः कोंबडे पाळले. त्याच्या खुराड्यातली अंडी पुढे इतर पैदासकारांकडे गेली. आज कोलोरॅडोतल्या व्हायटिंग फार्म्ससारख्या ठिकाणी फक्त पिसांसाठी पिढ्यानुपिढ्या कोंबडे निवडले जातात. तिथला मालक कोंबड्यांच्या अनुवंशशास्त्रातला डॉक्टरेट आहे. या कोंबड्यांवर २०११ मध्ये भलतंच संकट आलं. केसांत लांब पिसं माळायची फॅशन निघाली, ब्यूटी पार्लरवाल्यांनी फ्लायच्या दुकानांतली पिसं उचलली, भाव चढले आणि गरवणारे हात चोळत बसले.

पिसांच्या हव्यासाला एक काळी बाजूही आहे, आणि तिथे सह्याद्री येतो. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळे-पांढरे चकाकणारे ठिपके असतात. सॅल्मनच्या शोभिवंत फ्लायवर ते डोळ्यासारखे बसवत. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात या पक्ष्यांची कातडी ढिगांनी इंग्लंडला गेली. १९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी-पिसं निर्यात करण्यावर बंदी घातली; तरीही माल बाहेर जात राहिला. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जंगलातल्या पक्ष्याला कवच दिलं. आता परदेशी दुकानांत मिळतात ती पाळीव पक्ष्यांची पिसं, आणि मोलाची. जुन्या कृती जशाच्या तशा बांधायच्या वेडाने २००९ मध्ये कळस गाठला: इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण संगीत-विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. त्यातली काही परत मिळाली, काहींची पिसं तोवर विकून झाली होती.

आता नदीही पूर्वीसारखी बंद नसते. १ एप्रिल २०२२ पासून न्यूयॉर्क राज्याने ट्राउटच्या ओढ्या-नद्यांत हिवाळ्यातही गरवायला परवानगी दिली. अट अशी की १६ ऑक्टोबर ते ३१ मार्च फक्त कृत्रिम आमिष वापरायचं आणि मासा सोडून द्यायचा. गोठवणाऱ्या हवेत काठीच्या कड्यांत बर्फ धरतो, तो दर पाच मिनिटांनी बोटाने फोडावा लागतो. थंड रक्ताचा मासा तळाशी जवळजवळ निपचित पडलेला असतो. त्यामुळे कायदा बदलला तरी टेबलावरची गर्दी फारशी हलेल असं वाटत नाही. उलट ती गावाबाहेरही पसरली आहे. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडमुळे आपल्या मंडळींना पाठ असलेल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दर जानेवारीत फ्लाय फिशिंगचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे बांबूच्या काठ्या झुलवून पाहता येतात आणि रांगेने बसलेले कारागीर समोर बांधून दाखवतात. वडापाव खायला त्या बाजूला गेलात तर डोकावून या.

तिकडे दुकानात मार्चच्या अखेरीला डबे भरलेले असतात. १ एप्रिलला संगमावर माणसं थंडीने कुडकुडत उभी राहतात, बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. हेन्ड्रिक्सन फ्लाय ज्यांचं सोंग घेते ते किडे पाण्यावर येतात ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, जेमतेम दोन-तीन तास. जानेवारीत बांधलेली चौदा नंबरच्या गळावरची गुलाबीसर फ्लाय तेव्हा पहिल्यांदा ओली होते.