आधी शी थांबते, मग मान

आतड्याचा संसर्ग म्हटलं की जुलाब-उलट्या डोळ्यांसमोर येतात. तान्ह्या बाळांच्या बॉट्युलिझममध्ये नेमकं उलटं होतं : आधी शी व्हायची थांबते. तीन-चार महिन्यांच्या बाळाला दोन दिवस शी झाली नाही, तर कुणी घाबरत नाही. बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतंही. पण मग दूध ओढायला जोर पुरेनासा होतो. रडणं बारीक होतं. पापण्या अर्ध्यावर उतरतात, चेहऱ्यावरचं हसू जातं, धरू लागलेली मान पुन्हा लटकते. ताप बहुधा नसतोच.

हे करतो क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा मातीतला जिवाणू. त्याचे बीजाणू धुळीतून आपणही गिळत असतो. मोठ्यांच्या आतड्यात इतर जिवाणूंची एवढी दाटी असते की याला रुजायला जागाच मिळत नाही. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून वसायची असते. तिथे बीजाणू रुजतात आणि विष सोडू लागतात. स्नायूंना ‘हल’ असा निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलीन मज्जातंतूंच्या टोकातून बाहेर पडायचं, ते हे विष अडवून धरतं. (सुरकुत्या घालवणाऱ्या बोटॉक्समध्ये हेच विष असतं, अतिसूक्ष्म मात्रेत.) बाळाला स्पर्श कळतो, पण हातपाय हलवता येत नाहीत. खरी भीती श्वासाचे स्नायू थकण्याची.

1976 साली कॅलिफोर्नियात हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला. बीजाणू कुठून आले हे बहुतेक वेळा कळतच नाही. टाळता येण्याजोगी गोष्ट एकच, मध. 12 महिन्यांपर्यंत तो नको, बोटभरसुद्धा. उकळून दिला तर? तरीही नको. उकळल्याने विष निकामी होतं, बीजाणू नाही. त्यांच्यासाठी दाबाखाली 121 अंश सेल्सिअस लागतं.

निदानाला शीचा नमुना हवा, आणि नेमकी तीच होत नसते! मग एनिमा देऊन ती मिळवतात. अहवालाची वाट मात्र बघत बसत नाहीत. संशय बळावला की विषाला निष्प्रभ करणारी मानवी प्रतिपिंडं शिरेतून देतात. अमेरिकेत या औषधाला 2003 मध्ये मान्यता मिळाली. प्रतिजैविकांनी हा आजार हटत नाही, उलट जिवाणू फुटून आणखी विष सांडण्याची भीती. जेंटामायसिनसारखी काही तर स्नायू अधिकच लुळे पाडतात. मज्जातंतूंची टोकं नव्याने फुटायला काही आठवडे, कधी महिने जातात. तोवर नळीने दूध, काहींना व्हेंटिलेटर. वेळेवर उपचार मिळालेली बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात.