विषाणूचं एन्झाइम, यीस्टची पेशी

एचआयव्हीची लागण यीस्टला होत नाही, कोरोनाचीही नाही. हे विषाणू पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरचे जे ग्राहक रेणू पकडतात, ते यीस्टकडे नसतातच. मग विषाणूंवरची औषधं शोधायला यीस्ट कशाला?

कारण औषधाला दर वेळी अख्ख्या विषाणूशी झुंजावं लागत नाही. त्याचं एखादं कळीचं एन्झाइम बंद पाडलं तरी काम भागतं. त्या एका एन्झाइमचं जनुक यीस्टमध्ये घालणं हे आज प्रयोगशाळेतलं रोजचं काम आहे. संसर्ग करू शकेल असा विषाणू तिथे नसतोच, त्यामुळे घातक विषाणूंसाठी लागणारी कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळाही लागत नाही.

हे यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. अनुकूल परिस्थितीत साधारण ९० मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होते. त्याचा जनुकसंच १९९६ सालीच पूर्ण वाचून झाला. त्यात सुमारे ६,००० जनुकं आहेत. शिवाय जिवाणूसारखी नाही, तर आपल्यासारखी केंद्रक असलेली ही पेशी आहे.

आता कोरोना विषाणूचं मुख्य प्रोटिएज घ्या. हा विषाणू आपली बरीचशी प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवतो आणि हे एन्झाइम कात्रीसारखं ती साखळी किमान ११ ठिकाणी कापतं. कापणी थांबली की विषाणूची वाढ खुंटते. यीस्टमध्ये अशी कात्री मोकाट सुटली तर ती पेशीची स्वतःची प्रथिनंही कापू शकते. एचआयव्हीचं प्रोटिएज भरपूर बनवायला लावलं, की यीस्टच्या पेशी मरतात. संशोधक म्हणून विषाणूचं जनुक अशा कळीला जोडतात, जी ग्लुकोजवर बंद राहते आणि गॅलॅक्टोज दिलं की चालू होते. ग्लुकोजवर यीस्ट मजेत वाढतं, गॅलॅक्टोजवर अडतं. तिथे एखादं रसायन घातल्यावर ते पुन्हा वाढू लागलं, तर त्या रसायनाने एन्झाइमला अडवलं असण्याची शक्यता असते.

मला या पद्धतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती हीच उलटी मांडणी. पेशींची वाढ थांबवणारं रसायन शोधायला निघालात, तर कुठलंही विष हाती लागतं. इथे मात्र वाढ परत यायला हवी. म्हणजे रसायनाला पेशीत शिरता आलं पाहिजे, आत टिकता आलं पाहिजे, एन्झाइम अडवता आलं पाहिजे आणि पेशीला न मारता हे सगळं जमलं पाहिजे. परीक्षानळीत शुद्ध एन्झाइमवर केलेल्या चाचणीत यातली एकच गोष्ट कळते.

एन्झाइम पेशीला फारसं बाधत नसेल तर दुसरी युक्ती आहे. यीस्टमध्ये जनुकं चालू करणारं गॅल४ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या दोन भागांच्या मध्ये विषाणूचं एन्झाइम जिथे कापतं तो तुकडा बसवतात. एन्झाइमने तो कापला, की गॅल४ निकामी होतं. हिस्टिडीन हा प्रथिनांचा एक घटक आहे, तो नसेल तर पेशी वाढत नाहीत. गॅल४च्या ताब्यात हिस्टिडीन बनवणारं जनुक दिलं, तर हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर, एन्झाइम अडवलं गेलं असेल तेव्हाच पेशी वाढतात.

औषध सापडल्यावर पुढचा प्रश्न असतो प्रतिकाराचा. प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या असतात, आणि कोरोनाचं मुख्य प्रोटिएज ३०६ अमिनो आम्लांचं आहे. प्रत्येक जागी उरलेल्या १९ पैकी एकेक अमिनो आम्ल बसवलं, तर ५,८१४ बदल होतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली जवळजवळ हे सगळे बदल यीस्टमध्ये तपासले. कोणत्या जागा बदलल्या तरी एन्झाइम चालतं आणि कोणत्या बदलल्या की ते बंद पडतं, याचा नकाशाच त्यातून मिळाला. औषध ज्या जागांना चिकटतं त्यातली एखादी जागा बदल सहज पचवत असेल, तर तिथून विषाणू निसटू शकतो. हेच प्रोटिएज अडवणाऱ्या निर्माट्रेलव्हिरसारख्या औषधाबाबत ही माहिती आधीच हाताशी असणं मोलाचं आहे.

यीस्टच्या खोड्याही कमी नाहीत. त्याला जाड पेशीभित्ती असते, वर पीडीआर५सारखे पंप आत आलेली रसायनं बाहेर फेकतात. म्हणून अशा चाचण्यांसाठी अनेकदा ते पंप काढून टाकलेले वाण वापरतात. एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध पेशीत फॉस्फेट जोडलं गेल्यावरच काम करतं, आणि त्यासाठी लागणारं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम यीस्टकडे नाही. ते बाहेरून द्यावं लागतं. एचआयव्हीवरच्याच नेव्हिरापिन या औषधाला तसली तयारी लागत नाही.

फसगतीचीही एक वाट आहे. गॅलॅक्टोजची कळच चालू होऊ न देणारं रसायनसुद्धा पेशींना वाचवतं, आणि पहिल्या नजरेत ते विषाणूविरोधी औषधच भासतं. त्यामुळे त्याच कळीवर चालणारं, विषाणूशी संबंध नसलेलं दुसरं एखादं घातक प्रथिन असलेलं यीस्ट सोबत वाढवतात. रसायनाने त्यालाही वाचवलं, तर ते यादीतून बाद.